काउंटी कौन्सिलांची निवडणूक, जून १९२०

१. काउंटी कौन्सिल : आयर्लंडमधील परगण्याचे लोकनियुक्त मंडळ, आपल्या जिल्हा परिषदेशी ताडून पाहावे. १८९८ च्या कायद्याने जमीनदारांच्या ‘ग्रँड ज्युरी’कडून स्थानिक कारभार या मंडळांकडे आला, पहिली निवडणूक १८९९ मध्ये झाली. येथे उल्लेखिलेली निवडणूक स्वातंत्र्ययुद्ध चालू असतानाची आहे. ती एकल संक्रमणीय मतपद्धतीने झाली. तीत मतदार उमेदवारांना १, २, ३ असा पसंतीक्रम देतो. चार जागा असतील, तर वैध मतांच्या एक पंचमांशाहून अधिक मते मिळवणारा निवडून येतो आणि त्याची जादा मते पुढच्या पसंतीकडे वळतात. आपल्या राज्यसभेची निवडणूकही याच तत्त्वावर होते. स्वातंत्र्यवादी सिन फेन पक्षाला आळा बसावा, या हेतूने ब्रिटिश सरकारने ही पद्धत आणली होती. तरीही अल्स्टरमधील अँट्रिम, डाउन, आर्मा आणि लंडनडेरी वगळता बहुतेक सर्व परगण्यांत सिन फेनची सरशी झाली. त्यानंतर या मंडळांनी ब्रिटिश प्रशासनाशी संबंध तोडून ‘डॉल एरन’ या आयरिश प्रतिनिधिसभेची सत्ता मान्य केली. आयर्लंडमधील स्थानिक निवडणुका आजही याच मतपद्धतीने होतात.