अदृश्य अलाइनर आणि दातावरचा दिसणारा ठिपका

माझी मावसबहीण मुलुंडला राहते. गेल्या वर्षी तिने दात सरळ करायला अलाइनर लावून घेतले. दुसऱ्याच आठवड्यात तिचा फोन आला, आवाज चिडलेला. "अगं, काहीही दिसणार नाही म्हणाले होते. आणि आता सात दातांवर तांदळाच्या कणीएवढे गोळे चिकटवलेत. तू पॉलिमरमध्ये पीएचडी करतेस ना? मग सांग, हे काय आहे?"

खरं सांगायचं तर मलाही नीट माहीत नव्हतं. त्या रात्री घाटकोपर ते बोरिवली असा मेट्रो-लोकलचा प्रवास करताना मोबाइलवर दोन पेपर उघडले, आणि पुढचा आठवडा त्यातच गेला. संशोधन करू पाहणाऱ्यांना त्यातून काही घेता येईल, म्हणून हे लिहितेय.

आधी तो गोळा काय करतो ते बघू. त्याला अटॅचमेंट म्हणतात. अलाइनर म्हणजे दातांवर बसणारा पातळ, पारदर्शक प्लास्टिकचा साचा. एक साचा दाताला साधारण पाव मिलिमीटर हलवतो, मग पुढचा साचा. दिवसाचे २०-२२ तास तो तोंडात हवा. पटाशीचा दात चपटा असतो, त्याला ढकलणं साच्याला जमतं. पण सुळा गोल असतो. गुळगुळीत बरणीचं झाकण ओल्या हाताने फिरवून बघा, हात फिरतो, झाकण तिथेच. झाकणाच्या कडेला खाचा का असतात, ते तेव्हा कळतं. दात हिरडीतून थोडा बाहेर ओढायचा असेल तर आणखी पंचाईत, कारण साचा दाताला धरून राहण्याऐवजी त्याच्यावरून निसटतो. अटॅचमेंट म्हणजे झाकणाची ती खाच, फक्त उलटी. दातावर उंचवटा आणि साच्यात त्याच्या मापाचा खळगा.

हा गोळा दोन वेगवेगळ्या इतिहासांतून आलाय, आणि ते दोन्ही कित्येक वर्षं एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हते.

पहिला इतिहास साच्याचा. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या केसलिंग यांनी रबराचा एक 'पोझिशनर' मांडला. तारांचे उपचार संपत आले की उरलेली बारीक दुरुस्ती त्याने करायची. त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं की अशा साच्यांची मालिका केली तर मोठे बदलही करता येतील. कल्पना बरोबर होती, हात कमी पडले. प्रत्येक टप्प्यासाठी प्लास्टरचे दात कापून मेणात नव्याने मांडायचे, तेही रुग्णागणिक. हे काम संगणकाने हलकं केलं. १९९७ मध्ये झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ यांनी अलाइन टेक्नॉलॉजी काढली. दोघंही दंतवैद्य नव्हते, व्यवस्थापनाचे विद्यार्थी होते. १९९८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएची परवानगी आली आणि पुढच्या वर्षी इनव्हिजलाइन बाजारात आलं.

दुसरा इतिहास चिकटवण्याचा, आणि माझ्या मते जास्त सुंदर. इनॅमलला काहीच नीट चिकटत नसे. म्हणून पूर्वी तारांच्या उपचारात प्रत्येक दाताभोवती धातूची पट्टी बसवत आणि ब्रॅकेट त्या पट्टीवर. १९५५ मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी एक छोटा पेपर छापला. धातूवर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यांत पृष्ठभागावर फॉस्फोरिक ॲसिड वापरतात, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तेच दातावर केलं, ८५ टक्के ॲसिड, ३० सेकंद. मग धुऊन, वाळवून समोरच्या दातांवर ॲक्रिलिकचे थेंब चिकटवले आणि ते किती टिकतात ते मोजलं. ॲसिड लावलेल्या दातांवरचे थेंब कितीतरी पट जास्त टिकले.

इथे मी थांबले. समोरच्या दातावर चिकटवलेला, स्वतःचं काहीच काम नसलेला प्लास्टिकचा थेंब! म्हणजे पहिली अटॅचमेंट अलाइनरच्या चार दशकं आधीच तयार होती, फक्त तिच्यावर बसायला साचा नव्हता.

हे रसायन आपल्याला शिकण्यासारखं आहे. ॲसिड इनॅमलमधलं खनिज थोडं विरघळवतं, पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रं पडतात, पातळ रेझिन त्यांत शिरतं आणि तिथेच कडक होतं. म्हणजे ही पकड बरीचशी यांत्रिक आहे, भिंतीच्या खडबडीत विटांत प्लास्टर धरतं तशी. मग रेझिनचा प्रश्न. वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये राफेल बोवेन आधी इपॉक्सीच्या मागे होते, पण तोंडात वापरायला ती फार हळू घट्ट व्हायची. त्यांनी इपॉक्सीसारख्या सांगाड्याला मेथाक्रिलेटची टोकं जोडली. त्या रेणूचं नाव बिस-जीएमए, पेटंट १९६२ चं. आज दंतवैद्य निळ्या प्रकाशाने घट्ट करतात त्यातल्या बऱ्याच कंपोझिटमध्ये त्याच घराण्याचे रेणू आणि काच-सिलिकाची भुकटी असते.

शोधनिबंध शोधणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. १९६५ मध्ये जॉर्ज न्यूमन यांनी ब्रॅकेट थेट दातावर चिकटवण्याबद्दल लिहिलं. (योगायोग म्हणजे आपल्याकडची इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटीही १९६५ चीच.) न्यूमन यांच्या पेपरच्या शीर्षकातच 'अटॅचमेंट' शब्द आहे, पण अर्थ आहे ब्रॅकेट. मी पहिल्या दिवशी तो अलाइनरचा पूर्वज समजून वहीत मोठ्या उत्साहाने बाण काढला होता. शब्द तोच राहतो, वस्तू बदलते. जुना पेपर शीर्षकावरून यादीत टाकू नका.

आता मला सगळ्यात जास्त अडवणारा पेपर. २००८ मध्ये क्रॅविट्झ आणि सहकाऱ्यांनी ३१ रुग्णांचे ५३ सुळे तपासले. तीन गट होते: अटॅचमेंट लावलेले, दातांच्या फटी किंचित घासून जागा केलेले, आणि दोन्ही न केलेले. संगणकावर ठरवलेलं फिरवणं प्रत्यक्षात सरासरी ३६ टक्क्यांच्या आसपासच झालं होतं, आणि तिन्ही गटांत लक्षणीय फरक सापडला नाही.

मी बहिणीला लगेच फोन लावणार होते, "बघ, तुझे गोळे बिनकामाचे!" मग सरांची आठवण झाली. फरक न सापडणं आणि फरक नसणं या दोन गोष्टी आहेत. ५३ सुळे तीन गटांत वाटले की एका गटात किती उरतात? त्यात निकालांचा पसारा मोठा, कुठे दात बराच फिरला, कुठे जवळजवळ नाहीच. शिवाय तेव्हाचे गोळे साध्या आकारांचे होते. कोणत्या बाजूला उतार, किती कोन हे दातागणिक ठरवणं नंतर रुळलं. २००९ मध्ये त्याच गटाला सगळ्या हालचालींची सरासरी अचूकता ४१ टक्के मिळाली, आणि सगळ्यात कमी दात बाहेर ओढण्याची, ३० टक्क्यांच्या जवळपास. २०२० मध्ये हाच प्रश्न पुन्हा तपासला गेला (लेखकांत आपले निखिलेश वैदही आहेत), तेव्हा आकडा ५० आला. सुधारणा आहे, पण ॲनिमेशनमध्ये दात जसा शंभर टक्के सरकताना दाखवतात तसं काही होत नाही. पुढे जादा साच्यांचा एक संच लागला तर त्याचं कारण अनेकदा हे असतं.

२०१७ च्या सुमारास अलाइनच्या मूळ पेटंटांपैकी बऱ्याचशांची मुदत संपली आणि कंपन्या वाढल्या. काहींनी 'गोळे नाहीत' हाच जाहिरातीचा मुद्दा केला. अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब साचे घरपोच द्यायची, अटॅचमेंटशिवाय. ते उघडच आहे, गोळा चिकटवायला समोर माणूस लागतो. डिसेंबर २०२३ मध्ये ती बंद पडली आणि उपचार अर्ध्यात असलेले लोक तसेच राहिले. त्यामुळे कुणी गोळे लागणार नाहीत म्हटलं, तर माझ्या मते पहिला प्रश्न हा की मग माझा कुठला दात कसा हलवणार आहात?

बहिणीचं पुढे काय झालं ते सांगते. तिसऱ्या महिन्यात सुळ्यावरचा गोळा निघाला. एकच तर आहे म्हणून ती गप्प बसली आणि ठरलेल्या तारखांना पुढचे तीन साचे घालत गेली. सुळा मागे राहिला, साच्याच्या कडेला फट दिसू लागली. पुन्हा स्कॅन, नवे साचे, चार महिने जास्त. दवाखान्याने दिलेल्या कागदावर अटॅचमेंटबद्दल एकच ओळ होती, की त्या 'लागू शकतात'. पडल्यावर आहे तोच साचा घालत राहा आणि पुढचा घालण्याआधी फोन करा, एवढं त्यात असतं तर पुरलं असतं. साचा काढताना एका बाजूच्या गोळ्यावरून ओढू नये, आतून, दाढेच्या बाजूने सोडवावा, हेही तिला पडल्यानंतर कळलं. दातावर आधीची कॅप किंवा मोठं फिलिंग असेल तर तेही आधी सांगायला हवं, कारण वरचं सगळं रसायन इनॅमलसाठी आहे, पोर्सिलेनला वेगळी तयारी लागते.

चिकटवताना दात कोरत नाहीत, इंजेक्शन लागत नाही. पहिले काही दिवस ओठ आतून घासतो. चहा-हळदीचा डाग पडतो तो बहुतेक गोळ्याच्या कडेला पसरलेल्या जादा रेझिनवर, आणि ते डॉक्टरांना साफ करता येतं. काढताना मात्र लक्ष द्यावं. कंपोझिट दाताच्याच रंगाचं असतं, त्यामुळे कुठे संपलं आणि इनॅमल कुठे सुरू झालं हे पटकन दिसत नाही, आणि घासलेलं इनॅमल परत उगवत नाही. ते काम सावकाश करणाऱ्याकडूनच करून घ्यावं.

बहिणीचे गोळे जूनमध्ये निघणार आहेत. डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी तिने परवा मला तपासायला पाठवली. पहिला प्रश्न होता, काढायचे पैसे वेगळे आहेत का. सतरा पेपर वाचून मला तो सुचला नव्हता.