जुनी भिंत आणि नवा मंडप

देवालय ही एका पिढीची निर्मिती नव्हे. एका पिढीने गर्भगृह उभारावे, दुसरीने सभामंडप वाढवावा, तिसरीने अग्रशाळा व दीपमाळ बांधावी, असाच गोमंतकातील बहुतेक देवस्थानांचा क्रम आहे. मुळगावच्या श्रीकेळबाईपासून नार्व्याच्या श्रीसप्तकोटीश्वरापर्यंत डिचोली महालातील भाविकांना हा क्रम परिचित आहे. परंतु नवा भाग जोडताना जुन्या भागाविषयीही काही कर्तव्य उत्पन्न होते काय, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी विचारला होता आणि आजचे स्थापत्यशास्त्रही तोच विचारीत आहे.

‘मयमत’ या वास्तुग्रंथात जीर्णोद्धारास स्वतंत्र अध्याय असून तेथे त्यास ‘अनुकर्म’ म्हटले आहे. ज्या देवालयाची मूळ लक्षणे अद्याप ओळखू येतात, त्याचा उद्धार त्याच्याच द्रव्याने, त्याच्याच उंची-रुंदीच्या प्रमाणाने आणि जाणत्यांच्या संमतीने करावा, असा त्याचा आशय आहे. अग्निपुराणातही जीर्णोद्धारविधी आला आहे. वास्तू हे एक शरीर आहे. त्याच्या एका अंगास हात लावणाऱ्याने सर्वांगाचा विचार करावा, हे या विधानांचे सार होय.

याचे जवळचे उदाहरण नार्वे येथे आहे. कदंबांचे आराध्यदैवत श्रीसप्तकोटीश्वर यांचे दिवाडी बेटावरील देवालय पोर्तुगीज राजवटीत उद्ध्वस्त झाल्यावर भाविकांनी लिंग नदीपार डिचोलीच्या बाजूस आणले. पुढे शके १५९० च्या कार्तिक वद्य पंचमीस, म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८ रोजी, श्रीशिवछत्रपतींच्या आज्ञेने देवालयाच्या कामास प्रारंभ झाला. द्वारावरील शिलालेख त्याची साक्ष देतो. त्याच वास्तूचा जीर्णोद्धार गोवा शासनाच्या पुरातत्त्व खात्याने अलीकडे केला व ११ फेब्रुवारी २०२३ रोजी तिचे लोकार्पण झाले.

आता नव्या शास्त्राकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी येथे भूकंप झाला. माती-दगडाच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीची जड धाबी कोसळून सहस्रावधी माणसे दगावली. घर जितके जड तितके त्यावर येणारे भूकंपबल अधिक, हा धडा त्या आपत्तीने दिला. पुढे २००२ मध्ये सुधारलेल्या भारतीय मानक १८९३ ने गोवा तिसऱ्या भूकंपक्षेत्रात दाखविला आणि वाढीव बांधकामाविषयी स्पष्ट नियम सांगितला. नवा भाग स्वतंत्र पायावर, जुन्यापासून अलग उभा असेल, तर त्याने स्वतःपुरते नियम पाळावेत. तो जुन्यास जोडलेला असेल, तर संपूर्ण वास्तू नव्या वास्तूच्या कसोटीस उतरली पाहिजे. यास सूट आहे, पण तिच्या अटी तीन. नवा भाग स्वतः नियमात असावा; जुन्या कोणत्याही घटकावरील भूकंपबल शेकडा ५ हून अधिक वाढू नये, अथवा वाढले तरी तो घटक ते पेलण्यास समर्थ असावा; आणि जुन्याचे सामर्थ्य आवश्यक मर्यादेखाली घटू नये.

आपल्याकडील चिऱ्याच्या भिंतीस हा नियम विशेष लागू पडतो. चिरा वरून येणारा भार उत्तम पेलतो, परंतु ताण सोसत नाही. चुन्यात बांधलेल्या अशा भिंतीवर सिमेंट-काँक्रीटची जड गच्ची टाकली, तर वजन वाढते आणि भूकंपाच्या वेळी भिंतीवर येणारे आडवे बलही वाढते. वरून सिमेंटचा घट्ट गिलावा दिला, तर भिंतीतील ओल आतच कोंडते. बाहेरून देवालय नवे दिसते, आतून मात्र ते क्षीण होत जाते.

म्हणून वर्गणी गोळा करणाऱ्या प्रत्येक मंडळाने नव्या मंडपाच्या खर्चात जुन्या भिंतीच्या परीक्षणाचा व बळकटीचा खर्च प्रथम धरावा. तेवढे द्रव्य नसेल, तर मंडप अंतर सोडून स्वतंत्र खांबांवर उभारावा. उत्सवात त्या छताखाली शेकडो माणसे बसतात. त्यांच्या प्राणांचे रक्षण हीही देवाचीच सेवा आहे. वाढ हे पुण्यकर्म खरे. पण पूर्वजांनी दिलेले दुर्बळ करून केलेली वाढ ही वाढ नव्हे.