पंचवीस वर्षं कशासाठी?

यवतमाळच्या सत्र न्यायालयाने १४ ऑगस्ट २०१५ रोजी एका तरुणाला फाशी सुनावली. दोन महिन्यांच्या आत, १२ ऑक्टोबरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती कायम केली. २ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने फाशी काढून घेतली आणि जन्मठेपेबरोबर २५ वर्षांची सक्तमजुरी ठोठावली. गुन्हा घाटंजी तालुक्यातला, ११ फेब्रुवारी २०१३ चा. अडीच वर्षांच्या मुलीवर बलात्कार आणि त्यातच तिचा मृत्यू. मुलीची ओळख उघड होऊ नये म्हणून गावाचं किंवा आरोपीचं नाव इथे लिहीत नाही. गुन्हा त्यानेच केला, याबद्दल तिन्ही न्यायालयांचं एकमत होतं. वाद शिक्षेचा होता.

या खटल्यात तारखांना फार महत्त्व आहे. दिल्लीतल्या १६ डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर नेमलेल्या न्या. जे. एस. वर्मा समितीने २३ जानेवारी २०१३ ला अहवाल दिला. बलात्कारासाठी फाशी नको, फार तर नैसर्गिक आयुष्य संपेपर्यंत कैद असावी, असं समितीचं मत होतं. सरकारने ते बाजूला ठेवलं. ३ फेब्रुवारीपासून लागू झालेल्या वटहुकुमाने दंड संहितेत कलम ३७६अ घातलं: बलात्कारात पीडितेचा मृत्यू झाल्यास किमान २० वर्षं, नाहीतर आजन्म कैद किंवा फाशी. घाटंजीचा गुन्हा त्यानंतर आठ दिवसांनी घडला, म्हणून तो नव्या कलमात बसला.

२०१५ चा पावसाळाही लक्षात घ्यायला हवा. ३० जुलैला नागपूर मध्यवर्ती कारागृहात मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातल्या याकूब मेमनला फाशी झाली. पंधरा दिवसांनी यवतमाळचा निकाल आला. ३१ ऑगस्टला विधी आयोगाने आपला २६२ वा अहवाल सादर केला. दहशतवादाचे आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारण्याचे गुन्हे सोडून बाकी सगळीकडे फाशी रद्द करा, अशी त्यात शिफारस होती. यातल्या एका गोष्टीने दुसरी घडवली असा पुरावा नाही, आणि तारखा जवळ आल्या म्हणून तसा निष्कर्ष काढणं मला पटत नाही. एवढंच म्हणता येईल की विदर्भात त्या दिवसांत फाशी हा नुसता पुस्तकातला विषय नव्हता.

सर्वोच्च न्यायालयात खटला न्या. उदय लळित, न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. कृष्ण मुरारी यांच्यापुढे चालला. त्यांचं निकालपत्र मुळातून वाचण्यासारखं आहे. त्यात दयेची भाषा शोधणाऱ्याच्या हाती फारसं काही लागणार नाही. युक्तिवाद उभा आहे तो खुनाची व्याख्या करणाऱ्या कलम ३०० च्या चार खंडांवर. पहिल्या तीन खंडांत हेतू पाहिला जातो: जीव घ्यायचाच होता का, जीवघेणी इजा करायचीच होती का. चौथ्यात जाणीव पाहिली जाते: कृत्य इतकं घातक आहे की मरण येईल, हे करणाऱ्याला ठाऊक होतं का. न्यायालयाने हा खून चौथ्या खंडात बसवला आणि खुनासाठी जन्मठेप पुरेशी मानली. कलम ३७६अ खाली फाशीऐवजी २५ वर्षं दिली. परिस्थितिजन्य पुराव्यावर फाशी द्यायची असेल तर तो पुरावा दोषसिद्धीला लागतो त्याहून भक्कम हवा, असंही बजावलं.

निकालात एक तक्ताही आहे. चाळीस वर्षांतले ६७ खटले, सगळे बलात्कार आणि खुनाचे, बळी सोळा किंवा त्याहून कमी वयाचे. सर्वोच्च न्यायालयाने १५ खटल्यांत फाशी कायम केली होती. त्यातल्या तीन पुनर्विलोकनात बदलल्या. उरल्या बारा. ६७ पैकी निदान ५१ खटल्यांत मूल बारा वर्षांच्या आतलं होतं. म्हणजे बळीचं कोवळं वय न्यायालयाला महत्त्वाचं वाटतं, पण तेवढ्यावर फाशी दिली जात नाही. दरम्यान २०१८ मध्ये संसदेने बारा वर्षांखालच्या मुलीवरच्या बलात्काराला, मृत्यू झाला नसला तरी, फाशीची तरतूद केली होती.

मुलीच्या आईबापांपुढे हे चार खंड वाचून दाखवायची माझी छाती होणार नाही. त्यांच्या संतापाला उत्तर म्हणून हा निकाल लिहिलेलाच नाही, आणि तसा तो वाचूही नये. मात्र फाशीबद्दलचा संकोच आपल्याकडे बाहेरून आलेला नाही. ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत फाशीच्या अपिलांचा विषय निघाला, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ही शिक्षाच रद्द करणं बरं असं मत मांडलं. १९५५ पर्यंत खुनाला फाशी दिली नाही तर न्यायाधीशाला कारण लिहावं लागे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ते उलटं केलं, फाशी दिली तर खास कारण लिहा.

माझी अडचण निकालाच्या शेवटाशी आहे. आदेशात वर्षं आहेत, त्या वर्षांत तुरुंगाने या माणसाचं काय करायचं ते नाही. महाराष्ट्रात या खात्याचं नाव ‘कारागृह व सुधारसेवा’ आहे. औंध संस्थानाने १९३० च्या दशकाच्या अखेरीस आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवून खुनाच्या कैद्यांना भिंतीबाहेर शेतीला लावलं होतं. यवतमाळच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मोर्शीला आजही खुलं कारागृह आहे. प्रत्येक कैदी तिथे पाठवावा असं मी म्हणत नाही; घाटंजीच्या गुन्ह्यातला तर नाहीच. पण कोंडून ठेवणं आणि सुधारणं ही दोन कामं आहेत, आणि दुसऱ्या कामाचा हिशेब कोणी मागत नाही.

मे २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो हिशेब थोडा मागितला. फाशीचा विचार करण्याआधी आरोपीच्या मनोवस्थेचा आणि तुरुंगातल्या वागणुकीचा अहवाल पुढे ठेवा, असं सांगितलं. त्या पीठावरही न्या. लळित होते. घाटंजीच्या खटल्यातला कैदी २५ वर्षं पुरी करील, तेव्हाही जन्मठेप शिल्लक असेल आणि सुटकेचा अर्ज राज्य सरकारपुढे जाईल. त्या दिवशी २०१३ चं दोषारोपपत्र सरकारला तो कोण होता ते सांगेल. आता तो कोण आहे हे तुरुंगातल्या नोंदींवरूनच ठरवावं लागेल. त्या आजपासून नीट लिहिल्या जाव्यात.