सर्व्हिस 'रनिंग' दिसते, मग डेटाबेस का उघडत नाही? समजून घ्या

समजा, बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव राजामध्ये एक कृषी सेवा केंद्र आहे. खरिपातल्या बियाण्यांची, खतांची उधारी तिथे कॉम्प्युटरवर नोंदवली जाते. रोज रात्री या नोंदी वाचून त्यांची प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर ठेवण्याचं काम एक प्रोग्राम पडद्याआड करतो. विंडोजमध्ये अशा प्रोग्रामला 'सर्व्हिस' म्हणतात. यादीत ती 'रनिंग' दिसते, पण महिनाभर प्रतच झालेली नाही. अशात हार्ड डिस्क बिघडली, तर कोणाकडे किती येणं आहे हे कसं कळणार?

विशेष म्हणजे तोच प्रोग्राम हाताने चालवला, तर नीट चालतो.

असं का होतं?

हाताने चालवलेला प्रोग्राम तुमच्या खात्यावर चालतो. सर्व्हिस अनेकदा 'लोकल सिस्टीम' या विंडोजच्या खात्यावर चालते. एसक्यूएल सर्व्हर तुम्हाला ओळखतो. या खात्याला आत सोडेलच असं नाही. 2012 च्या आवृत्तीपासून त्याला सर्वाधिकार आपोआप मिळत नाहीत.

काय तपासायचं?

- इव्हेंट व्ह्यूअर: एरर क्रमांक 18456 म्हणजे डेटाबेसने लॉगिन नाकारलं. कोणत्या खात्याला नाकारलं, तेही तिथेच दिसतं.
- लॉग ऑन टॅब: सर्व्हिसच्या प्रॉपर्टीजमध्ये ती कोणत्या खात्यावर चालते ते पाहा. त्या खात्याचा पासवर्ड बदलला असेल, तर इथेही बदलावा लागतो.
- सुरू होण्याचा क्रम: वीज जाऊन आली की कधी कधी सर्व्हिस आधी सुरू होते आणि डेटाबेस नंतर. अशा वेळी स्टार्टअप टाइप 'डिलेड स्टार्ट' करा. जोडणी फसली तर पुन्हा प्रयत्न करण्याची सोय प्रोग्राममध्येच हवी.
- झेड ड्राइव्ह: तुम्ही जोडलेला नेटवर्क ड्राइव्ह तुमच्या लॉगिनपुरताच असतो, सर्व्हिसला तो दिसत नाही. तिथे नेटवर्कचा पूर्ण पत्ता द्या. त्या फोल्डरची परवानगीही सर्व्हिसच्या खात्याला हवी.

उपाय कोणता?

सर्व्हिससाठी वेगळं खातं तयार करून त्याला फक्त त्या डेटाबेसच्या नोंदी वाचण्याची परवानगी द्या. घाईत 'एसए' या सर्वाधिकारी लॉगिनचा पासवर्ड प्रोग्राममध्ये टाकू नका. तो कुणाच्या हाती लागला, तर सगळी वहीच त्याच्या हाती जाते.

'रनिंग' याचा अर्थ प्रोग्राम सुरू आहे, एवढाच. काम झालं का, हे पाहायला आठवड्यातून एकदा प्रत उघडा आणि शेवटची नोंद ताळून बघा.