प्लग, पंखा आणि शर्टाचं कापड

वैमानिकांच्या आठवणी वाचताना मला ढग आणि सूर्योदय यांचं फारसं कौतुक वाटत नाही. माझं आयुष्य हँगरमध्ये, हात ग्रीसमध्ये. मी शोधतो एवढंच, की इंजिन कुठे बंद पडलं आणि ते उघडलं कोणी.

नोव्हेंबर १९२९मध्ये आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं. इंग्लंडहून हिंदुस्थानात, किंवा इथून तिकडे, एकट्यानं महिन्याभरात उडून जाणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला ते मिळणार होतं. मनमोहन सिंग, ॲस्पी इंजिनियर आणि जेआरडी टाटा असे तिघे निघाले. तिघांचंही विमान जिप्सी मॉथ. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, पुढे शंभर अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं इंजिन. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि ठिणगीसाठी मॅग्नेटोही दोन, म्हणजे एक दगा देईल तेव्हा दुसऱ्यावर निभावावं. तरी त्या काळची इंजिनं तेल खायची. जळकं तेल प्लगच्या टोकाशी साचलं की ठिणगी पडत नाही. जुनी स्कूटर वापरलेल्यांना हे सांगायला नको. फक्त तिथे गाडी कडेला घेऊन प्लग पुसता येतो.

जेआरडी कराचीहून पश्चिमेकडे निघाले होते, ॲस्पी इंग्लंडहून पूर्वेकडे. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळच्या अबूकीर तळावर दोघांची गाठ पडली, तेव्हा ॲस्पी प्लगअभावी अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याकडचे प्लग त्याला देऊन टाकले. त्यानं बदल्यात आपलं लाइफ जॅकेट दिलं. सतरा वर्षांचा तो पोरगा आधी पोचला आणि बक्षीस घेऊन गेला. मनमोहन सिंगही पोचले, पण महिन्याची मुदत उलटून गेल्यावर.

औदार्याची ही गोष्ट सगळे सांगतात. मला तिच्यात दिसतो तो सुट्या भागांचा दुष्काळ. पुढचा प्लग पुढच्या तळावर मिळेलच याची खात्री नाही, म्हणून स्वतःचे देणं हा मोठा जुगार होता.

त्या दिवसांत फोर्स्ड लँडिंग ही काही बातमी नव्हती. मॉथ ताशी सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरच्या वेगानं जमिनीला टेकायचं, त्यामुळे शेत, कवायतीचं मैदान, काहीही चालायचं. विमान मोडायचं, माणूस बहुधा चालत बाहेर यायचा. आजही शिकाऊ वैमानिकाला हेच घोकायला लावतात: इंजिन गेलं की नाक खाली घेऊन वेग सांभाळ, वाऱ्यासमोर उतरता येईल अशी जागा हेर, मग वेळ उरला तर पेट्रोल आणि मॅग्नेटो तपास. नुकतंच उड्डाण केलेलं असेल आणि उंची नसेल, तर धावपट्टीकडे मागे वळायचं नाही. या वळण्यानं फार माणसं मारली आहेत.

बक्षिसासाठीची ही उड्डाणं चालू होती त्याच मे १९३०मध्ये एमी जॉन्सन ही इंग्लिश वैमानिक मॉथ घेऊन क्रॉयडनहून ऑस्ट्रेलियाला निघाली होती. बगदादच्या अलीकडे धुळीच्या वादळानं तिला वाळवंटात उतरवलं. कराची सहा दिवसांत गाठली. पुढे पेट्रोल संपत आलं, अलाहाबाद दूर राहिलं, म्हणून ती झाशीच्या कवायतीच्या मैदानावर टेकली. रंगूनजवळ इन्सीनला तर फुटबॉलच्या मैदानावरून विमान खड्ड्यात गेलं. पंखा तुटला, पंख फाटला. जादा पंखा तिनं इंग्लंडहूनच विमानाला बांधून आणला होता. पंखाच्या कापडासाठी पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या उरलेल्या कापडाचे शर्ट उसवले, आणि तिथल्या तंत्रशाळेतल्या लोकांनी डागडुजी करून दिली. २४ मेला ती डार्विनला पोचली.

विमान टेकवण्यात ती कच्चीच होती, हे तिचे चाहतेही कबूल करतील. पण निघण्याआधी, १९२९मध्ये, तिनं ग्राउंड इंजिनियरचा परवाना मिळवला होता. ब्रिटनमध्ये तो मिळवणारी ती पहिली बाई. बक्षीस ज्याचं त्याला लखलाभ. त्या महिन्यात आकाशात असलेल्या सगळ्यांत मी पहिला नंबर देईन तो तिला.