तेरुएलच्या विटा

उर्दू शिकवताना शब्दांचं मूळ शोधायची मला सवय लागली. त्यातूनच ‘मुदेहार’ भेटला. अरबी ‘मुदज्जन’वरून आलेला हा स्पॅनिश शब्द. अर्थ, राहू दिलेला; माणसाळवलेला असाही. ख्रिस्ती राजवटीत आपला धर्म पाळून राहिलेल्या मुसलमानांना हे नाव पडलं.

स्पेनमध्ये टेकडीवर वसलेल्या छोट्याशा तेरुएलमध्ये सान मार्तीन चर्चचा १३१६ सालचा मनोरा याच परंपरेतला. विटांची नक्षी, हिरव्या-पांढऱ्या झिलईच्या फरशा. आत मिनारासारखा दुसरा मनोरा आणि दोहोंमधून चढणारा जिना.

१५२६ मध्ये आरागोनच्या मुसलमानांवर धर्मांतर लादलं गेलं. १६१० मध्ये त्यांच्या वंशजांना देशाबाहेर काढलं. १९८६ मध्ये तेरुएलचे मनोरे जागतिक वारसा ठरले.

‘राहू दिलेली’ माणसं गेली. विटा राहिल्या. वारशाचं कौतुक करताना ती माणसंही आठवायला हवीत.