ओवरीतले दोन उजेड

युरोपातल्या जुन्या ख्रिस्ती मठांत मधल्या चौकाभोवती कमानींची ओवरी असते. चौकात लख्ख ऊन, ओवरीत गार सावली. माणसाच्या डोळ्याला त्याचे काही वाटत नाही; नजर फिरते तशी बाहुली लहानमोठी होते. पहिल्या फोटोग्राफरांना मात्र या जागेने फार छळले.

विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटचे घरच मुळी असा मठ होते. विल्टशायरमधले लेकॉक ॲबी, स्थापना 1232. कागदी निगेटिव्हची कॅलोटाइप ही रीत त्याला 1840 मध्ये सापडली आणि 1844 ते 1846 दरम्यान निघालेल्या ‘पेन्सिल ऑफ नेचर’ या आपल्या पुस्तकात सोळावे चित्र म्हणून त्याने घरचीच ओवरी छापली. अडचण रसायनात होती. कागदावरचे चांदीचे क्षार मुख्यतः निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच दाद देत. त्यामुळे आकाश कोरे पांढरे उमटे, पिवळसर दगड असतो त्याहून काळा. सावलीतले कोरीवकाम यावे म्हणून भिंग मिनिटेच्या मिनिटे उघडे ठेवावे, तर चौकातल्या उन्हाचा नुसता पांढरा डाग होई. उन्हाला जपून लवकर झाकावे, तर ओवरी काळोखात बुडे.

1851 मध्ये फ्रेंच सरकारने जुन्या वास्तूंची नोंद करायला पाच फोटोग्राफर धाडले. त्यांतला एदुआर बाल्द्यू मूळचा चित्रकार. आर्लच्या सेंट-ट्रॉफिम मठात ओवरीची खोली आणि बाहेरचे ऊन एका निगेटिव्हमध्ये मावेना, शिवाय भिंगाला जवळचे-दूरचे एकदम स्पष्ट दिसेना. त्याने सुमारे 10 निगेटिव्ह घेतल्या, प्रत्येकीत ओवरीचा वेगळा भाग नीट साधून. मग त्यांचे तुकडे जोडून, ब्रशने सांधे बुजवून एकच चित्र केले. सरकारला हवी होती जशीच्या तशी नोंद. मिळाली ती हाताने सांधलेली. मला त्यात लबाडी दिसत नाही. ओवरीत उभा माणूस खांबावरून छताकडे, छताकडून चौकाकडे पाहत जातो आणि दर ठिकाणी त्याचा डोळा नव्याने जुळवून घेतो. एका निगेटिव्हपेक्षा त्या पाहण्याशी बाल्द्यूचे चित्र जास्त प्रामाणिक आहे.

त्याच मोहिमेवरचा गुस्ताव्ह ल ग्रे पाच-सहा वर्षांनी समुद्राचे फोटो काढू लागला, तेव्हा काही चित्रांसाठी त्याने लाटांची एक आणि ढगांची दुसरी, अशा दोन निगेटिव्ह क्षितिजावर जोडल्या.